जिथे थांबता आले असते: शोकांतिकेविषयी एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा विद्यार्थी मराठी विषय घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मराठी शोकांतिकेवर लघुप्रबंध लिहितो आहे. शोकांतिका म्हणजे ज्याचा शेवट रडवतो असे नाटक, एवढीच बारावीपर्यंत त्याची समजूत होती. बी.ए.ला गेल्यावर स्वभावातल्या दोषामुळे नायकाचा अधःपात होतो हे सूत्र हाती आले आणि मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर, 'एकच प्याला'तल्या सुधाकरचे व्यसन अशा जोड्या लावण्याची सवय जडली. आता ग्रीक नाटके अनुवादातून वाचताना ईडिपसचा दोष काही केल्या सापडत नाही, आणि इस्किलसच्या ओरेस्टेस नाट्यत्रयीचा शेवट तर चक्क समेटात होतो. तेव्हा व्याख्येचा नाद सोडूनच द्यावा का, आणि 'नटसम्राट'ला शोकांतिका म्हणावे की करुण नाटक, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

तुमची अडचण खरी आहे आणि ती योग्य वेळी आली आहे. साहित्य शिकवताना मी पाहत आलो आहे की, शेवटावरून शोकांतिका ओळखणारा विद्यार्थी त्या समजुतीतून लवकर बाहेर पडतो. दोषावरून ओळखणारा मात्र तिथेच मुक्काम ठोकतो, कारण दहा गुणांच्या प्रश्नाला ते सूत्र फार सोयीचे असते. तुम्ही तिथून हललात, हे चांगले झाले. व्याख्या मात्र सोडू नका. तुम्हाला जी शिकवली गेली ती ॲरिस्टॉटलची अर्धीच बाजू होती. उरलेली अर्धी त्याच्याच 'काव्यशास्त्र' या ग्रंथात आहे आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची किल्ली तिथे सापडते.

प्रथम कालक्रम ध्यानात घ्या. ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ चा, 'राजा ईडिपस' लिहिणारा सोफोक्लीस इ.स.पू. ४०६ मध्येच वारला होता. म्हणजे ज्या नाटकांवर तो मुख्यतः लिहितो ती त्याच्या जन्माआधीची, आदल्या शतकातली आहेत. नाटककारांनी त्याचे नियम पाळून नाटके लिहिली नाहीत. त्याने तयार नाटकांकडे पाहून काही निरीक्षणे नोंदवली. ही निरीक्षणेही एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. तेराव्या प्रकरणात तो म्हणतो की, उत्तम कथानकात भाग्याचा पालट चांगल्याकडून वाइटाकडे व्हावा, आणि तो दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या चुकीमुळे व्हावा. लगेच पुढच्या, चौदाव्या प्रकरणात मात्र घोर कृत्य घडण्याच्या ऐन क्षणी ओळख पटून ते टळते, अशा प्रसंगाला तो सर्वांत वरचे स्थान देतो आणि उदाहरण म्हणून तौरिस देशातल्या इफिजिनियाचे नाटक घेतो. त्या नाटकात बहीण भावाचा बळी देण्याच्या बेतात असते, ओळख पटते आणि दोघे सुखरूप निसटतात. शेवट गोड असूनही ॲरिस्टॉटल त्याला शोकांतिकेच्या प्रांतातून हाकलत नाही. अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात जी गंभीर नाटके स्पर्धेत उतरत ती सगळी याच नावाने ओळखली जात. त्यामुळे ओरेस्टेसच्या नाट्यत्रयीचा समेट पाहून तुम्ही दचकलात, तसे तिथला प्रेक्षक दचकला नसता.

आता दोषाविषयी. ॲरिस्टॉटल जी 'चूक' म्हणतो ती अज्ञानातून झालेली गफलत असू शकते. तिला स्वभावदोषाचे रूप दिले ते पुढच्या शतकांनी, आणि पाठ्यपुस्तकांनी त्यावर कायमचे शिक्कामोर्तब केले. शेक्सपियरचा जो अभ्यास आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ सालच्या व्याख्यानग्रंथावर उभा आहे. तो ग्रंथ मुळातून पाहिला तर त्यांनी सोपे सूत्र दिलेले नाही, हे कळते. नायकाचा घात करणारा विशेष हाच त्याच्या मोठेपणाचाही आधार असतो, असे त्यांचे म्हणणे होते. गाइडांमध्ये या वाक्याचा पूर्वार्ध उरला आणि उत्तरार्ध गळाला.

ॲरिस्टॉटलची जी बाजू आपण वर्गात घाईने उरकतो ती सहाव्या प्रकरणात आहे. शोकांतिका माणसांची अनुकृती नाही, कृतीची आहे, असे तो तिथे स्पष्ट म्हणतो. कथानकाला तो शोकांतिकेचा आत्मा मानतो आणि स्वभावचित्रणाला दुसरे स्थान देतो. हे गंभीरपणे घेतले की प्रश्नच बदलतो. शेवटी काय झाले, हा तुमचा बारावीतला प्रश्न होता. कोणत्या उणिवेमुळे झाले, हा बी.ए.चा. आता विचारायचा प्रश्न असा की, या माणसाने समजून उमजून नेमके काय केले, कोणत्या जागी त्याला थांबता आले असते आणि तो का थांबला नाही. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक नाटकात ही थांबण्याची जागा शोधायला सांगतो.

ईडिपसवर हे करून पाहा. बापाचा वध आणि आईशी विवाह या दोन्ही गोष्टी पडदा उघडण्यापूर्वी कित्येक वर्षे घडून गेल्या आहेत, आणि दोन्ही त्याने अजाणता केल्या आहेत; उलट त्या टाळाव्यात म्हणूनच तो कोरिंथ सोडून निघाला होता. तिवाट्यावर रथातल्या म्हाताऱ्याने, म्हणजे न ओळखलेल्या बापाने, लायसने, आधी त्याच्यावर वार केला होता. तो तापट आहे, हे खरे; पण शांत स्वभावाचा असता म्हणून तो लायसचा मुलगा नसता असे थोडेच आहे! रंगमंचावर प्रत्यक्ष घडते ती केवळ एक चौकशी. शहरात साथ आहे, जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, आणि राजा म्हणून तो शोध घेणे ईडिपसचे कर्तव्य आहे. या शोधात त्याला तीनदा थांबवले जाते. पहिल्यांदा आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो की मला घरी जाऊ दे, त्यात दोघांचेही भले आहे. दुसऱ्यांदा कोरिंथहून आलेला निरोप्या सहज बोलून जातो की, पाय टोचलेले ते मूल मला लायसच्या धनगराने दिले होते. त्या क्षणी राणी योकास्ताला सगळे उमगते आणि ती नवऱ्याला विनवते की आता पुढे विचारू नकोस. ईडिपसला वाटते, आपला जन्म हलक्या कुळातला निघेल म्हणून राणी लाजते आहे. तिसऱ्यांदा तो धनगरच तोंड मिटून बसतो. अखेर तो म्हणतो की मी आता भयंकर बोलण्याच्या काठावर आहे. ईडिपस उत्तरतो की मीही ऐकण्याच्या काठावर आहे, पण ऐकलेच पाहिजे.

या उत्तरात ते नाटक आहे. काय ऐकायला मिळणार याची चाहूल लागलेली असूनही तो विचारतो. ज्या हट्टी बुद्धीने त्याने एकेकाळी स्फिंक्सचे कोडे सोडवून शहर वाचवले, तीच बुद्धी इथे काम करते आहे. तिला दोष म्हणायचे असेल तर ज्या गुणासाठी लोकांनी त्याला राजा केले तोच दोष ठरतो. म्हणूनच तुम्हाला त्याचा दोष सापडला नाही. वाचनात तुम्ही कमी पडलेला नाहीत.

ओरेस्टेसकडे याच दृष्टीने पाहिले की तिथला समेटही अडचणीचा वाटत नाही. इस्किलसच्या त्रयीचा (इ.स.पू. ४५८) कस दुसऱ्या नाटकात लागतो. आईने मारलेल्या बापाचा सूड घ्यायला आलेला मुलगा तलवार उपसून आईसमोर उभा आहे. ज्या स्तनातून तू दूध प्यायलास तो बघ, असे ती म्हणते, आणि त्याचा हात अडखळतो. तो मित्राकडे वळून विचारतो, काय करू? नाटकभर मुका राहिलेला पायलॅडीस फक्त याच जागी बोलतो, तेही मोजक्या ओळी, आणि अपोलो देवाने दिलेल्या सूडाच्या आज्ञेची आठवण देतो. थांबण्याची जागा इतकी स्पष्ट करून दाखवणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही. पुढे खटल्यात अथीना देवीच्या मताने ओरेस्टेस सुटतो. पण मातृहत्या न झाल्यासारखी होत नाही, आणि आज्ञा मोडली असती तरी तो सुटला नसता. दोन्हीकडे अपराधच, आणि निवड टाळता येत नाही; या कोंडीवर शेवटच्या समेटाचा काही परिणाम होत नाही.

सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त राजा क्रेऑनची मनाई मोडून नायिका भावाच्या प्रेताला मूठमाती देते, आणि तिला गुहेत कोंडले जाते. या नाटकाबद्दल जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हटले की, तिथे दोन न्याय्य बाजू एकमेकींवर आदळतात. वर्गात याची फार आवर्तने होतात. माझे मत थोडे निराळे आहे: दोन बाजूंचे वजन सारखे नाही, आणि नाटकाच्या अखेरीस क्रेऑन स्वतःच आपली बाजू सोडतो. मला तिथे महत्त्वाचा वाटतो तो एक क्रम. टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर घाबरलेल्या क्रेऑनला वृंद (नाटकातला गायकसमूह) सांगतो, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन निघतो खरा, पण निरोप्याच्या सांगण्यावरून कळते की तो आधी प्रेताकडे गेला, सगळे विधी यथासांग केले आणि मग गुहेकडे वळला. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. चूक सुधारतानासुद्धा त्याने जिवंत माणसाच्या आधी विधी ठेवला. एका क्रमाने घात झाला, आणि त्या क्रमात पुरा क्रेऑन आहे. तरुण विद्यार्थी बहुधा अँटिगनीचा पक्ष घेतात; नोकरी-संसार करून पुन्हा अभ्यासाला आलेले विद्यार्थी क्रेऑनविषयी बोलू लागतात. वय वाढले की सहानुभूती सरकते, आणि तुमची समज पुढेही बदलत राहणार याची तयारी ठेवा.

मॅकबेथमध्ये थांबण्याची जागा अगदी सुरुवातीला, पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात आहे. डंकन आपला पाहुणा आहे, आप्त आहे, राजा आहे आणि चांगला राजा आहे, अशी खून न करण्याची सगळी कारणे तो स्वतःच एकापाठोपाठ एक मांडतो, आणि पत्नीला सांगतोही की हे प्रकरण इथेच थांबवू. त्या प्रवेशाच्या अखेरीस तो तयार झालेला असतो. महत्त्वाकांक्षी तर त्याचा सहकारी सेनानी बँकोही आहे. पण आपण काय करतो आहोत हे इतके लख्ख ठाऊक असताना ते करणारा मॅकबेथ एकच. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' (१९५४) हाताशी असेल तर हाच प्रवेश मराठीत कसा उतरला आहे ते पाहा.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले, पुढे शेक्सपियरची रूपांतरे आली: आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे, देवलांचे 'झुंझारराव' १८९० चे. पण तुमच्या लघुप्रबंधाचा कणा 'एकच प्याला' हाच असायला हवा. त्याचे लेखक राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. सुधाकरची पत्नी सिंधू हिच्या भूमिकेत बालगंधर्व होते, आणि प्रेक्षक रडले ते सिंधूसाठी. इथेच आपल्याकडचा गोंधळ सुरू होतो. सिंधू सोसते, दळण दळून घर चालवते, मूल गमावते. हा करुण रस आहे आणि उत्तम प्रतीचा आहे. पण नाटकाला शोकांतिकेची उंची देतो तो सुधाकर.

सुधाकरचा दोष म्हणून व्यसन लिहिले की ते नाटक दारूबंदीचा प्रचार होऊन बसते, आणि अनेक उत्तरपत्रिकांत ते तसेच झालेले असते. व्यसन हा दोष नव्हे, परिणाम आहे. हुशार, मानी वकील न्यायालयातला अपमान सहन करू शकत नाही. सनद गेल्यावर त्याचा दारुडा कारकून तळीराम त्याच्यापुढे विसरण्याचे साधन ठेवतो. तिथून पुढची घसरण कोणालाही दिसते. पण गडकऱ्यांनी मध्ये एक प्रसंग ठेवला आहे, आणि तो न वाचल्यासारखे लोक लिहितात: सुधाकर दारू सोडतो. शपथ घेऊन, मनापासून सोडतो, आणि नोकरी शोधायला बाहेर पडतो. जुन्या ओळखीचे लोक त्याला दारात उभे करीत नाहीत. जो मान टिकवण्यासाठी तो पहिल्यांदा पेल्याकडे गेला, तोच मान दुसऱ्यांदा दुखावला जातो, आणि या वेळी कोणी तळीराम लागत नाही. तो आपल्या पायाने परत जातो. दारूच्या अवस्था तो मित्र रामलालला समजावून सांगतो तेव्हा स्वतःविरुद्धचा खटला एखाद्या निष्णात वकिलासारखा चालवतो. आपले काय होणार हे त्याच्याइतके स्पष्ट त्या नाटकात कोणालाच दिसत नाही. ईडिपसला हळूहळू कळत जाते. याला सगळे आधीच कळलेले आहे, आणि कळून उपयोग होत नाही. माझ्या मते गडकऱ्यांनी इथे शेक्सपियरकडून घेतलेले आत्मसात करून स्वतःचे काही तरी उभे केले. भाषेचा फुलोरा बाजूला सारून हा सांगाडा पाहण्याची तसदी आपली समीक्षा पुरेशी घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

सिंधूबद्दल एक पुस्ती जोडतो. मरताना ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. नाटकभर केवळ सोसणारी बाई या एका क्षणी काही करते, आणि ती कृती आजच्या वाचकाला अस्वस्थ करते. तिला पतिव्रतेचा आदर्श म्हणून मोकळे होऊ नका. या जागेवर लघुप्रबंधात दोन पाने खर्च करायला हरकत नाही.

'नटसम्राट' (१९७०) बाबतचा तुमचा प्रश्न मला 'एकच प्याला'पेक्षा अवघड वाटतो. शेक्सपियरच्या राजा लिअरशी असलेले नाते उघड आहे: सर्वस्व वाटून टाकणे हीच पहिली कृती, आणि पुढचे सारे तिच्यातून निघालेले. लिअरला त्या क्षणी केंट अडवतो आणि हद्दपार होतो. 'नटसम्राट'चे नायक, निवृत्त नट अप्पा बेलवलकर, यांच्या शेजारी व्यवहार ओळखणारी पत्नी कावेरी आहे. अप्पा वाटून टाकतात ते भोळेपणाने नव्हे. आयुष्यभर राजांच्या भूमिका केलेल्या माणसाला निवृत्तीसुद्धा राजासारखी हवी आहे. देण्याचा तो प्रसंग म्हणजे त्यांची अखेरची भूमिका, आणि टाळ्या घेऊन बाहेर पडण्याची सवय घरातही सुटत नाही. इथवर हे निखळ शोकांतिकेचे द्रव्य आहे. उत्तरार्धात मात्र अप्पांच्या वाट्याला करण्यापेक्षा सोसणे जास्त येते, मुलांची बाजू पातळ होत जाते, आणि नाटक करुणाकडे झुकते. श्रीराम लागूंसारखा नट त्या भागातही अप्पांचा ताठा सांभाळतो, तेव्हा प्रयोगात हा झुकाव कमी जाणवतो. संहिता वाचताना तो दिसतो. म्हणून माझे उत्तर असे की, ही शोकांतिका म्हणून सुरू झालेली आणि करुण होऊन संपलेली कृती आहे. तुम्ही वेगळे मत मांडलेत तर मला आनंदच होईल, फक्त ते अप्पा काय करतात यावरून मांडा, आपल्याला किती भरून आले यावरून नको.

करुण म्हणजे कमी प्रतीचे, असा अर्थ यातून काढू नका. शोकांतिका हे नाटकाला द्यायचे पदक नाही. (वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत रस्त्यातल्या खड्ड्यांपासून रखडलेल्या निकालांपर्यंत सगळ्यालाच 'हीच खरी शोकांतिका' म्हणण्याची पद्धत पडली आहे, तिचाही नाद सोडा.) तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाला मी शोकांतिका म्हणणार नाही. नायिका असलेल्या शिक्षिका बेणारे बाईंना थांबण्याची जागाच मिळत नाही. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यातून त्या उठून निघतात तेव्हा दार बाहेरून बंद असते. त्यांचे प्रदीर्घ स्वगत चालू असताना बाकीची पात्रे गोठलेली असतात, म्हणजे ते कोणाच्याही कानी पडत नाही. हे माणसाच्या कृतीचे नाटक नाही, एकाला घेरणाऱ्या टोळीचे आहे, आणि त्याची ताकद तिथेच आहे. त्याला ओढूनताणून बेणारेचा 'दोष' चिकटवणे हे तर त्या खोट्या कोर्टाच्या बाजूने निकाल देणे झाले. आधुनिक काळात सामान्य माणूसही शोकांतिकेचा नायक होऊ शकतो असे अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांनी १९४९ साली आग्रहाने मांडले ते मला मान्य आहे. पण त्यांचीही अट माणसाने आपल्या प्रतिष्ठेसाठी काही पणाला लावण्याची होती, नुसते भरडले जाण्याची नव्हती.

संस्कृतात शोकांतिका नाही, हे वाक्य लघुप्रबंधात उतरवण्याआधी भासाचे 'ऊरुभंग' वाचा. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून प्रकाशित केली, त्यात हे आहे. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संकेत मोडून दुर्योधन तिथे प्रेक्षकांसमोर मरतो. त्याआधी लहानगा दुर्जय येऊन नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो, आणि मांड्या फुटलेल्या बापाला त्याला अडवावे लागते. दुर्योधन आता वैर पुरे म्हणतो. अश्वत्थामा ऐकत नाही. थांबायला तयार झालेला माणूस आणि न थांबणारे युद्ध, अशी ही उलटी मांडणी आहे, आणि तिला करुण रसाच्या एका ओळीत बसवणे मला जमलेले नाही.

लघुप्रबंधासाठी व्यावहारिक सूचना एवढीच. निवडलेल्या प्रत्येक नाटकातील थांबण्याच्या जागेवर आधी एक पान लिहून काढा: कोण थांबवते, कोणत्या शब्दांत, नायक काय उत्तर देतो. हे पान लिहिले जात नसेल तर ते नाटक तुमच्या विषयातून वगळा किंवा ते का लिहिता येत नाही यावरच लिहा. ॲरिस्टॉटलसाठी विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) वापरा. सहावे प्रकरण सावकाश वाचा, आणि तेरावे व चौदावे ही दोन प्रकरणे एकाच बैठकीत वाचा; त्यांच्यात दिवसांचे अंतर पडले की तेराव्यातली चूक तेवढी लक्षात राहते आणि चौदाव्याशी असलेला तिचा विरोध निसटतो.